अड्याळचा प्रयोग

१

मालिकेत माझं काम गाडीचं दार उघडण्याचं होतं. सकाळी साडेसहाला मी मीरा रोडच्या खोलीतून निघायचो, सेटवर निळा सफारी चढवायचो आणि बंगल्यातली सून पायऱ्या उतरून आली की दार धरून उभा राहायचो. कधी "हो मॅडम" म्हणायचं असे, कधी तेही नसे. कॅमेरा बहुतेक वेळा माझ्या पाठीमागे लावलेला असायचा. घरी आल्यावर मी तो भाग मोबाईलवर पाहायचो तेव्हा मला माझी पाठ दिसायची. असे आठ महिने गेले. त्याआधीच्या वर्षांत हवालदार, वॉर्डबॉय, लग्नातला पाहुणा आणि चार वेळा प्रेत.

त्याच्याही आधी मी नायक होतो. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या भंडारा-गडचिरोलीकडच्या नाटकांत. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, आणि मंडई म्हटली की रात्रभर नाटक असतंच. हंगामात माझे साठ-सत्तर प्रयोग व्हायचे. लाखांदूरचा सुगत मेश्राम म्हटलं की बायाबापड्या बैलगाडी जुंपून यायच्या.

२०१५ च्या डिसेंबरात, अड्याळच्या प्रयोगाच्या दिवशी, दुपारी मुंबईहून फोन आला. दुसऱ्या दिवशी ऑडिशन होती. आमच्या नाटक मंडळाची गाडी वडशाहून निघायच्या तयारीत होती. मी कुणाला काही न सांगता मोबाईल बंद केला आणि नागपूरला जाऊन रेल्वेत बसलो. माझ्यासोबत काम करणारी रेणू त्या रात्री स्टेजवर एकटी उभी राहणार, हे मला माहीत होतं.

तीन दिवसांनी फोन चालू केला. मला शिव्या घालायला कोणाचाच फोन आला नव्हता. पुढेही आला नाही. लोकांनी मला मनातून काढून टाकलं असं मी समजलो, आणि ते मला सोयीचंच होतं.

मालिका मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर बंद झाली. मी नऊ वर्षांनी गावी निघालो.

२

भंडाऱ्याहून लाखांदूरची एस.टी. पकडली. अड्याळला एक म्हातारी चढली, माझ्या शेजारी बसली आणि माझ्याकडे बघून हसली.

"औंदा बी आमच्या मंडईले तुमचंच नाटक आहे नं जी?"

"माझं?"

"मागच्या साली लय रडलो आमी. माही सून तं दोन दिवस जेवली नाई."

मी मान डोलावली. रंग लावलेले चेहरे सारखेच दिसतात. नऊ वर्षांपूर्वीचं नाटक तिला मागच्या वर्षीचं वाटत असेल. खिडकीबाहेर धान कापून झालेलं होतं, बांध घातलेल्या खाचरांत, आमच्याकडच्या बांध्यांत, लाखोळीचं कडधान्य उगवून आलं होतं. मी तिकडे बघत राहिलो.

घरी पोचलो तेव्हा माय ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिने वर पाहिलं.

"आज दिवसाचा आला?" ती म्हणाली आणि परत शेंगांकडे वळली. मग तिचा हात थांबला. ती माझ्या चाकांच्या बॅगेकडे बघत राहिली. बराच वेळ.

"किती दिवस आहे?" तिने विचारलं. पाहुण्याला विचारतात तसं.

मुंबईहून मी तिला फोन करायचो. सुरुवातीला रोज, मग आठवड्याने, मग सणावाराला. नऊ वर्षांत तिने एकदाही "कवा येतं?" असं विचारलं नव्हतं. माझ्या धडपडीत तिला अडथळा आणायचा नसेल, असं मी मित्रांना कौतुकाने सांगायचो.

आतल्या खोलीत माझी खाट अंथरलेली होती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, शेजारी बाबांचा फोटो. खुंटीवर एक पांढरा सदरा.

"हा कोनाचा, माय?"

"तुहाच," ती बाहेरूनच म्हणाली.

मी सदरा घालून पाहिला. खांद्यांत बरोबर बसला, पोटावर थोडा सैल. उशीला खोबरेल तेलाचा आणि तोंडाला लावायच्या रंगाचा वास येत होता. रंगपटातला वास. तो मी नऊ वर्षांत कुठेही घेतला नव्हता.

३

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर चहाला गेलो. टपरीवाला गोलू माझ्या वर्गातला. त्याने न विचारता बिनसाखरेचा चहा दिला.

"साखर टाक नं."

"कवापासून? चार वर्षं झाले, पहाटे येतं तवा बिनसाखरेचाच घेतं नं." त्याने साखर टाकली. "बाकी ते टीव्हीतलं आम्ही पाह्यत होतो बरं. तो डायव्हर, गाडीचं दार उघडते तो. बिलकूल तुह्यासारखा दिसते. माही बायको म्हने, सुगतभाऊचा जुडवा आहे का काय."

मी हसलो नाही. त्याच्या मागच्या भिंतीवर नाटकाचं पोस्टर होतं. नवंकोरं, खळ अजून ओलसर. 'मंडईनिमित्त अड्याळ येथे भव्य नाट्यप्रयोग.' खाली दोन फोटो, एक रेणूचा, एक माझा.

नाव वापरलंय, हा पहिला विचार. टीव्हीवर दिसलेल्या माणसाचं नाव पोस्टरवर टाकायचं, जुना फोटो छापायचा आणि ऐनवेळी दुसरा कोणी उभा करायचा. असं होत असणार. मी जवळ गेलो.

फोटो जुना नव्हता. कानशिलावर पांढरे केस होते, गाल भरलेले होते, डोळ्यांखाली जागरणाच्या पिशव्या होत्या. आणि तो हसत होता. माझा वरचा एक दात वाकडा होता. मुंबईत गेल्या गेल्या कास्टिंगवाल्याने सांगितलं म्हणून मी तो सरळ करून घेतला, त्याला आठ-नऊ वर्षं झाली. फोटोतल्या पांढऱ्या केसांच्या माणसाचा दात वाकडा होता.

फोटो संगणकावर बदलता येतो. मी स्वतःला हे दोनदा सांगितलं. पण एखाद्याला म्हातारा करून त्याचा दात कोण वाकडा ठेवेल?

४

वडशाला नाटक मंडळांची ऑफिसं ओळीने आहेत. आमच्या मंडळाचा व्यवस्थापक इश्वर तिथेच होता, तोच लोखंडी टेबल, तोच पंखा. मला बघून तो उठला.

"या सुगतभाऊ. रात्री कुरखेड्याचा प्रयोग कसा झाला?"

मी रात्री घरी झोपलो होतो. "इश्वर, मी मुंबईवरून परवा आलो."

"काहून मजाक करून राहिले जी." तो हसत खाली बसला. मी बसलो नाही, तसं त्याचं हसू ओसरलं. "तारीख मांगं घ्याची आहे का? अड्याळची तारीख मी नाई सोडनार, पहिलेच सांगतो."

त्याने डायरी पुढे केली. भाऊबीजेपासूनच्या तारखा, गावांची नावं, प्रत्येक ओळीपुढे माझी सही. सहीतल्या 'सु'ला मी एक विनाकारण शेपूट काढतो. ते होतं.

"मी मुंबईले गेलतो, इश्वर. नऊ वर्षं झाले. अड्याळच्या प्रयोगाच्या दिवशी."

"जानार होते, हे ऐकलं होतं," तो सावकाश म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही गाडीवर आले नाई, तवा आम्हाले वाटलं, गेले. माही तं वाचाच बसली होती. पन मंग तुम्ही आले नं. डायरेक्ट अड्याळले. उशिरा आले, पन आले."

"तू पाह्यलं मले?"

"तुम्ही स्टेजवर होते तं कोन नाई पाह्यनार?"

"स्टेजच्या बाहेर पाह्यलं का कधी? नऊ वर्षांत? इथं, असं, समोर बसून?"

इश्वरने डायरी ओढून घेतली आणि मिटली.

"तुम्ही कमी बोलता आजकाल," तो म्हणाला. "डायरी परसरामकाका रंगपटात नेतात, सही करून आनतात. मोठा कलाकार झाला की मानूस कमीच बोलते."

५

माणूस स्वतःच्या डोक्यावर शंका घेतो तेव्हा आधी पुरावे मोजतो. माझ्याकडे मीरा रोडच्या खोलीचे करार होते, रेल्वेची तिकिटं होती, मोबाईलमध्ये मालिकेचे भाग होते. मी वेडा नव्हतो. मग कोणीतरी हुबेहूब दिसणारा, आवाज काढणारा, सही शिकलेला माणूस नऊ वर्षं माझ्या नावावर जगत होता. असं मी ठरवलं. ठरवल्यावर दोन रात्री झोप लागली.

तिसऱ्या पहाटे मायच्या आवाजाने जाग आली. ती ओसरीत बोलत होती, हळू, घरच्या माणसाशी बोलतात तसं. थंडी वाढली. तुरीले अळी लागली. गोधडी घे. मध्ये मध्ये ती थांबत होती, उत्तर ऐकायला थांबतात तितकाच वेळ. उत्तर मला ऐकू येत नव्हतं.

मी उठून दार उघडलं. माय एकटी होती. बाजेवरची गोधडी कोणीतरी आत्ताच बाजूला सारल्यासारखी पडली होती. उजाडायला लागलं होतं, आणि समोरच्या रस्त्याने एक माणूस बोडीच्या तळ्याकडे चालत जात होता. पांढरा सदरा. घाई नव्हती.

एरवी कोणी स्वतःची पाठ ओळखत नाही. पण मालिकेने मला आठ महिने तीच दाखवली होती. डावा खांदा जरा खाली, मान पुढे. मी उंबऱ्यात उभा होतो आणि मी निघून जाताना मला दिसत होतो.

"कोन होतं, माय?"

ती उठली, गोधडी झटकली, घडी घातली.

"थंडी आहे," ती म्हणाली. "आत जा."

६

अड्याळला मी दुपारीच पोचलो. मंडई भरात होती, पाळणे, बांगड्या, गरम जिलबी. गावाबाहेर मंडप घातला होता. लोकांना बसायला उतरती जमीन खोदून घेतली होती, पुढे स्टेज, आणि स्टेजमागे ताडपत्रीचा रंगपट. रंगपटाच्या मागे कापलेल्या धानाच्या बांध्या लागल्या होत्या, पार झाडांपर्यंत.

परसरामकाका आरसा टांगत होते. आमच्या मंडळाचे रंगभूषाकार, आता सत्तरीला आलेले. त्यांनी आरशातच मला पाहिलं आणि वळले नाहीत.

"आज लवकर आले," ते म्हणाले. "उजेडाचे कित्येक वर्षांत पहिल्यांदाच पाह्यतो तुम्हाले."

"काका, नऊ वर्षांपूर्वी इथं प्रयोग होता. मी उशिरा आलो म्हनतात. कसा आलो?"

"मांगून." त्यांनी बांध्यांकडे हात केला. "अंधार पडला होता. गाडी नाई, घोडा नाई, बांध्यांतून चालत आले. पायाले चिखल नव्हता, ते मले आठवते, कारन आदल्या दिवशी पानी पडलं होतं. स्टुलावर बसले. मी रंग लावला." ते थोडं थांबले. "मी इचारलं, कुठं होते? तुम्ही काई बोलले नाई. मंग मी कधी इचारलं नाई. नाटक उभं राह्यलं, पुरे झालं."

मागे पावलं वाजली. रेणू होती. केसांत पांढरं आलं होतं, आवाज तोच. तिने मला पाहिलं, परसरामकाकांना चहा घ्यायला पाठवलं आणि ताडपत्रीचा पडदा ओढून घेतला.

"तू आहे," ती म्हणाली. "मुंबईले गेलता, तो."

मला इतका वेळ कुणीतरी हेच म्हणावं असं वाटत होतं. ऐकल्यावर मी स्टुलावर बसलो.

"तुले माहीत होतं?"

"पहिल्या वाक्याले समजलं. तू वाक्याच्या आधी श्वास घेते. तो घेत नाई."

"मंग बोलली काहून नाई?"

"चार हजार लोक बसले होते, सुगत. पडदा उघडला होता. तुही एन्ट्री आली आन् तू नव्हता. मी एकटी उभी होती. मले वाटलं, आता जमिनीनं मले पोटात घ्यावं. तवा तो आला." ती आरशाकडे बघत होती. "एक शब्द चुकला नाई आजपर्यंत. लिहिलं असन तेवढंच बोलते. लिहिलं असन तिथंच हात लावते. शेवटचा पडदा पडला का मांगून निघून जाते."

"कोन आहे तो?"

"मी इचारलं नाई. इचारलं आन् त्यानं सांगतलं, तं?"

बाहेर कोणी माईक तपासत होतं. एक, दोन, एक, दोन. मी माफी मागायला हवी होती. नऊ वर्षं ती माफी मी मनात घोळवली होती, आणि आता तिच्यासमोर ती फार लहान वाटली. मी वेगळंच बोललो.

"आज मी उभा राह्यतो."

रेणूने पहिल्यांदा नीट माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काळजी होती, पण ती माझी होती असं मी सांगू शकत नाही.

"मंग तो कुठं उभा राहीन?" ती म्हणाली.

७

दिवस बुडायच्या आत मी स्टुलावर जाऊन बसलो. परसरामकाकांनी तळहातावर रंग घेतला, माझ्या कपाळाला लावला आणि त्यांचा हात थांबला.

"अंग गरम लागून राह्यलं आज," ते म्हणाले. "ताप गीप आहे का?"

"नाई, काका."

त्यांनी तळहात धोतराला पुसला आणि रंग पुन्हा घेतला. ताडपत्रीमागे, धानाच्या धसकटांत, कोणीतरी आल्यासारखा कुरकुर आवाज झाला आणि ताडपत्रीपाशी येऊन थांबला. आम्ही दोघांनी तो ऐकला. कोणी वळलं नाही. काही वेळाने धसकटं पुन्हा वाजली, या वेळी मंडपाच्या बाजूला.

नाटक नवीन होतं. मी ते दुपारी एकदा वाचलं होतं. झाडीपट्टीत निम्मा हंगाम प्रॉम्प्टरच्या भरवशावर निघतो, म्हणून मला फार भीती नव्हती. ऑर्गन वाजला, ऑक्टोपॅड वाजला, पडदा उघडला. पहिले दोन अंक मी कसेतरी ओढले. लोक शांत होते. ती शांतता चांगली नव्हती. मागच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, "आज सुगतभाऊले का झालं?"

तिसऱ्या अंकात भावाचं, म्हणजे माझं, मोठं भाषण होतं. बहीण दारात उभी, आणि भाऊ तिला घरात घ्यायचं की नाही ते ठरवतोय. मी दोन वाक्यं बोललो आणि पुढचं गेलं. प्रॉम्प्टर विंगेतून सांगत होता, पण माझ्या कानांत नुसता जनरेटर घुमत होता. रेणू समोर उभी होती. तिच्या डोळ्यांत मला नऊ वर्षांपूर्वीची ती रात्र दिसली, जी मी कधी पाहिली नव्हती.

मी लोकांकडे वळलो. स्टेजचा उजेड जिथे संपत होता तिथे, मंडपाच्या शेवटच्या बांबूपाशी, एक माणूस उभा होता. पांढरा सदरा. तोंडाला रंग नव्हता. त्याचे ओठ हलत होते.

मी त्या ओठांवरून शब्द उचलला. मग पुढचा. तो अर्धा शब्द पुढे होता आणि मी मागे. हळूहळू माझा आवाज मोकळा झाला, हात आपोआप उठले. खाली बायांनी पदर डोळ्यांना लावले. मी ओठांच्या वर बघायचं नाही असं ठरवलं होतं. भाषण संपता संपता एकदाच नजर वर गेली.

तो माझ्याकडे बघत नव्हता. तो रेणूकडे बघत होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा बांबूपाशी कोणी नव्हतं. शेजारी बसलेल्या लोकांनी तिकडे मान वळवली नव्हती. फक्त एका बाईने कडेवरचं लेकरू दुसऱ्या बाजूला घेतलं.

पडदा पडल्यावर रंगपटाच्या मागच्या बाजूला जाऊन रेणू कितीतरी वेळ बांध्यांकडे तोंड करून उभी होती.

८

सकाळी घरी आलो. माय ओसरीत बसली होती. मी सदरा काढला, तोंड धुतलं, तिच्या शेजारी बसलो. ती रस्त्याकडे बघत होती.

"तो कुठं गेला?" तिने विचारलं.

"तुले माहीत होतं, माय?"

"तू फोनवर मुंबईत होता. आन् ओसरीत बसला होता. मले का समजत नाई?" तिने पदर खांद्यावर ओढला. "पहिल्यांदा आला तवा मी दार लावून घेतलं होतं. रात्रभर बाहेर बसून राह्यला. एक शब्द नाई. सकाळी मी दार उघडलं."

"भेव नाई वाटलं?"

"वाटलं." तिने डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "पन तो रोज येत होता."

तेव्हापासून मी इथेच आहे. हा माझा दुसरा हंगाम. मीरा रोडची खोली सोडली. इश्वर तारखा देतो, रेणू सोबत काम करते, वाक्याआधी मी श्वास घेतला की नजर दुसरीकडे वळवते. लोक म्हणतात, सुगत मेश्राम आता पूर्वीसारखा राहिला नाही. मी ऐकून घेतो. तो बांबूपाशी मला परत कधी दिसला नाही. मी प्रत्येक गावात बघतो.

माय रात्री ओसरीचं दार लावत नाही. चोराचिलटाचं भय आहे, लाव, असं मी एकदा म्हणालो. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग मीही सोडून दिलं.

प्रयोग करून पहाटे घरी येतो तेव्हा ती जागीच असते. पावलं वाजली की अंधारातून तिचा आवाज येतो, हळू, आशेने भरलेला. असा आवाज तिने माझ्यासाठी कधी काढलेला मला आठवत नाही.

"आला का रे, बाबू?"

मी श्वास न घेता "हो" म्हणतो.